लेखनिक, जादा वेळ आणि दादूची दहावी: आठवीपासून निकालापर्यंत काय काय करावं लागलं

मी भांडुपला घरीच ट्यूशन घेते, बरीच वर्षं झाली. पाचवी ते दहावी, मराठी मिडियम आणि सेमी, सगळे विषय. माझ्या बॅचमधला एक मुलगा २०२५ च्या मार्चमध्ये लेखनिक (मुलगा तोंडी सांगेल ते उत्तर लिहून देणारा) घेऊन दहावीला बसला आणि पास झाला, आणि मे महिन्यात निकाल लागल्यापासून कोणी ना कोणी पालक फोन करून विचारतात की टीचर ते अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन मागे राहतं त्याचं) सर्टिफिकेट कसं काढलं, किती दिवस लागले, शाळा ऐकते का, पैसे किती जातात. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं क्रमाने लिहूनच काढू. मुलाच्या आईला विचारून लिहितेय. घरी त्याला दादू म्हणतात, इथेही तेच म्हणते. मी डॉक्टर नाही की काउन्सेलर नाही, मी रोज संध्याकाळी मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसते, त्यामुळे जे जवळून दिसलं तेच लिहिलंय.

दादू माझ्याकडे आला जून २०२२ मध्ये, आठवीत. त्या वर्षीची सगळीच मुलं लॉकडाऊनमधून आलेली होती. पाचवीची परीक्षा झालीच नाही, सहावी अख्खी मोबाईलवर, सातवी अर्धी मोबाईलवर. त्यामुळे वाचता येत नाही, लिहायचा सराव नाही ही तक्रार घराघरात होती आणि दादूच्या आईनेही तेच सांगितलं, "लॉकडाऊनमुळे मागे पडलाय टीचर, जरा लक्ष द्या." पहिले दोन-तीन महिने मी सगळ्यांकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घ्यायचे आणि दहा ओळी शुद्धलेखन. दिवाळीपर्यंत बाकीची मुलं बऱ्यापैकी रुळावर आली, दादू नाही आला.

त्याचं वाचन मी वहीत लिहून ठेवायला लागले कारण मला त्यात काहीतरी ठरावीक दिसत होतं. ब आणि व, भ आणि म, घ आणि ध यांची अदलाबदल. जोडाक्षर आलं की तो शब्दच सोडून पुढे जायचा. एक ओळ वाचून झाली की परत तीच ओळ, किंवा मधली एक गायब. लिहिताना काना, वेलांट्या गळायच्या, एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिलेला असायचा. गणितात ३६ चे ६३ व्हायचे आणि मग पुढचं सगळं चुकायचं, पण रीत मात्र बरोबर असायची. फळ्यावरचं उतरवायला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ. आणि तोंडी? तोंडी त्याला गुरुत्वाकर्षण विचारा, इतिहास विचारा, एकदा ऐकलेलं तो चार दिवसांनी स्वतःच्या शब्दांत सांगायचा, उदाहरण देऊन सांगायचा. जो मुलगा तोंडी दहापैकी आठ प्रश्नांची उत्तरं देतो आणि लेखी परीक्षेत वीसपैकी चार मार्क आणतो त्याला आळशी म्हणणं मला तरी पटत नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मात्र दर वर्षी एकच शेरा होता, "लेखनाकडे लक्ष द्यावे."

ट्यूशन टीचर म्हणून इथे आपली जागा काय हा प्रश्न येतोच. निदान करणं आपलं काम नाही, मी घरच्यांना कुठलंही नाव घेऊन काही सांगितलं नाही. फक्त वही दाखवली. जानेवारी २०२३ मध्ये एका रविवारी त्याच्या आईला चहाला बोलावलं आणि म्हटलं वहिनी हे बघा, त्याच्या चुका रोज बदलत नाहीत, त्याच त्याच आहेत, म्हणजे तो मुद्दाम करत नाही, एकदा तपासून घेऊ. त्या पोळी-भाजी केंद्रात कामाला आहेत, पहाटे साडेचारला उठतात. त्यांनी वही बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "मी त्याला यासाठी किती मारलंय टीचर." यावर मला काही बोलता आलं नाही, दुसरा चहा ठेवला.

वडिलांचं वेगळं होतं. ते रिक्षा चालवतात, साधा सरळ माणूस, पण त्यांना "हॉस्पिटल" आणि "सर्टिफिकेट" हे दोन शब्दच नको होते. माझा पोरगा वेडा नाही, उद्या ते कागद बघून कोण नोकरी देणार, बहिणीच्या लग्नाला आड येईल, असं सगळं. आजी म्हणायच्या त्याच्या बापालाही उशिरा वाचता यायला लागलं, होईल आपोआप. मी एवढंच सांगितलं की कागद काढला म्हणून तो कुणाला दाखवायलाच हवा असं नाही, गरज पडली तर जवळ असू दे. आठवी तशीच निघाली. आठवीपर्यंत कोणाला नापास करत नव्हते त्यामुळे तो नववीत गेला, आणि नववीच्या पहिल्या चाचणीत तीन विषयांत गेला. घरात मोठं भांडण झालं, दादू दोन दिवस जेवला नाही, पोट दुखतंय म्हणून झोपून राहिला. तेव्हा वडील स्वतः माझ्या दारात आले, चप्पल न काढता उभ्यानेच म्हणाले, "टीचर, कुठे जायचं ते सांगा."

तर मग प्रक्रिया. ही ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली.

आधी खाजगी ठिकाणी चौकशी केली, तिथे सगळ्या चाचण्यांचे मिळून आठ-दहा हजार सांगितले. आणि महत्त्वाचं म्हणजे खाजगी रिपोर्टचा उपयोग मूल समजून घ्यायला होतो, बोर्डाच्या सवलतीसाठी सरकारी किंवा पालिकेच्या मान्य रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन, नायर, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. आम्ही अशाच एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे पहिल्या दिवशी कळलं की थेट जाऊन उपयोग नाही, शाळेचं पत्र हवं.

शाळेचं पत्र म्हणजे मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं, की हा विद्यार्थी आमच्याकडे अमुक इयत्तेत आहे, त्याला वाचन-लेखनात अडचण आहे, तपासणी करावी. त्यासोबत मागच्या काही वर्षांची प्रगतिपुस्तकं, वर्गशिक्षकांनी भरलेला एक फॉर्म, वह्यांच्या झेरॉक्स, आधार, जन्मदाखला. शाळेत थोडी चालढकल झाली, कोणी म्हणालं दहावीत बघू, कोणी म्हणालं यामुळे शाळेचं नाव खराब होतं. इथे एक उपाय कामी आला. तोंडी विनंती न करता वहिनींनी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला आणि दुसऱ्या प्रतीवर "पोहोच" घेतली, तारखेसह. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, ही एक ओळ अर्जात मुद्दाम टाकली. पंधरा दिवसांत पत्र आलं. वर्गशिक्षिका नंतर खूप मदतीला आल्या, त्यांना फक्त कोणीतरी सुरुवात करायला हवी होती असं मला वाटतं.

वह्यांबद्दल सांगायचं तर नीटनेटकी वही घेऊन जाऊ नका. आई लोकांना वाटतं की डॉक्टरांपुढे चांगली वही न्यावी. चुकांनी भरलेली, खाडाखोड केलेली, रोजची खरी वहीच न्या. माझी निरीक्षणांची वहीसुद्धा त्यांनी वाचली आणि काही पानांची झेरॉक्स फाईलला लावून घेतली.

रुग्णालयात सगळं एका दिवसात होत नाही हे मनाशी धरूनच जायचं. केस पेपर काढायला सकाळी लवकर लाईन, तो अगदी थोड्या पैशांत निघतो. मग आधी डोळे आणि कान. म्हणजे मुलाला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही म्हणून वाचता येत नाही असं तर नाही ना, हे बघून घेतात. यासाठी वेगळ्या ओपीडी, वेगळे वार. त्यानंतर बालरोग विभागात डॉक्टर सगळा इतिहास विचारतात, जन्माच्या वेळी काय झालं, बोलायला कधी लागला, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का. (इथे वडिलांनी पहिल्यांदा सांगितलं की त्यांनी शाळा का सोडली. वहिनींनाही ते माहीत नव्हतं.) मग बुद्ध्यांकाची चाचणी, तिची तारीख पुढची. आणि शेवटी शैक्षणिक चाचणी, वाचन, लेखन, स्पेलिंग, गणित, तिची तारीख आणखी पुढची. गर्दी प्रचंड असते, तपासणारे मोजके, त्यामुळे आमचं हे सगळं ऑगस्टला सुरू होऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये संपलं. मधे नववीची सहामाही येऊन गेली.

पैसे रुग्णालयात फारसे गेले नाहीत, गेले ते खाड्यात. वहिनींना प्रत्येक तारखेला कामावर खाडा आणि दादांची, म्हणजे दादूच्या वडिलांची, सकाळची भाडी बुडायची, ते सकाळीच स्टेशनच्या लाईनला असतात. म्हणून मग आम्ही वाटून घेतलं. जिथे आईवडिलांची गरज आहे तिथे त्यांच्यापैकी एक, आणि नुसत्या लाईनला, झेरॉक्सला, तारीख घ्यायला मी, कारण माझे क्लास संध्याकाळी पाच ते नऊ असतात. घरी सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला, त्याशिवाय मला जाताच आलं नसतं. सासूबाई स्वतः सातवी शिकलेल्या आहेत, त्या दादूला जाताना नेहमी डबा द्यायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टरला घाबरू नको, त्याला सांग मला गोष्टी येतात."

चाचणीच्या आदल्या दिवशी दादूने विचारलं की अभ्यास काय करू. मी म्हटलं काही नाही, पोटभर जेव आणि झोप. पालकांना हे सांगितलं पाहिजे, बुद्ध्यांक चाचणीची तयारी करून घेऊ नका, यूट्यूब बघून कोडी सोडवून घेऊ नका. आणि मुलाला तपासणी कशाची आहे हे खरं सांगा. दादूला आम्ही सांगितलं होतं की तुला जे येतं ते कागदावर का उतरत नाही ते शोधायचंय. तो त्यानंतर शांत बसला. एका मुलाला तिथे लाईनमध्ये आई सांगत होती की इंजेक्शन नाही रे, फक्त खेळ आहे, आणि आत गेल्यावर समोर गणितं आली तशी ते पोर रडायलाच लागलं.

आमच्या मनात शेवटपर्यंत एक धास्ती होती, बुद्ध्यांक कमी निघाला तर? नंतर काउन्सेलर मॅडमनी नीट समजावलं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळायला बुद्ध्यांक ८५ च्या वर असावा लागतो, म्हणजे बुद्धी ठीक आहे आणि तरीही वाचन-लेखन मागे आहे हे दिसावं लागतं. दादूचा त्याच्या बराच वर होता. आकडा मी इथे लिहीत नाही, पण तो ऐकून दादांनी रिक्षा बाजूला घेऊन गावी फोन केला होता. लेखन-वाचनासाठी त्यांनी निम्हान्सची (बंगळुरूच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेची) चाचणी वापरली. वाचन आणि लेखन दोन्हींत अक्षमता, गणिताच्या संकल्पना चांगल्या, आकडे उतरवताना चुका. मी वहीत जे लिहिलं होतं तेच त्यांच्या भाषेत आलं होतं.

प्रमाणपत्र मार्चमध्ये हातात आलं. ते एकदाच काढून संपत नाही. हे आठव्या वर्षापासून काढता येतं, चौदाव्या वर्षी परत तपासणी आणि अठराव्या वर्षी परत, अठराव्याला मिळालेलं मग कायमचं. त्यामुळे दादूला अठराव्या वर्षी परत एकदा जायचं आहे. ज्यांची मुलं तिसरी-चौथीत आहेत आणि अशा चुका दिसतायत त्यांनी दहावीची वाट बघूच नका, लहानपणी मिळालेल्या मदतीने खूप फरक पडतो. आणि दहावीच्या जानेवारीत जागे होणारे पालक मला दर वर्षी भेटतात, तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं. सगळ्या तारखा बघता नववी सुरू होतानाच हालचाल करायला हवी.

जून २०२४, दहावी. आता सवलती.

शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो, आमचं मुंबई विभागाचं ऑफिस वाशीला. ऑक्टोबरच्या आसपास शाळा बोर्डाचं आवेदनपत्र ऑनलाईन भरते, त्यात अक्षमतेचा रकाना भरला गेलाय की नाही हे पालकांनी स्वतः प्रिंट बघून तपासा. दादूच्या पहिल्या प्रिंटमध्ये तो रिकामा होता, वहिनींनी बघितलं म्हणून वेळेत दुरुस्त झाला. सवलती म्हणजे प्रत्येक तासाला २० मिनिटं जादा, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी मार्क कापत नाहीत, आणि गरज असेल तर लेखनिक, ज्याला सगळे रायटरच म्हणतात. हे आपोआप मिळत नाही, जे हवंय ते प्रस्तावात मागावं लागतं.

आता रायटर घ्यायचा की फक्त जादा वेळ, यावर आमचा बराच विचार झाला. दादूला स्वतः लिहायचं होतं. मी त्याला दोन्ही करून बघायला लावलं, तोच पेपर एकदा स्वतः जादा वेळेत, एकदा सांगून. स्वतः लिहिताना विज्ञानात चाळीसपैकी सोळा, सांगून लिहिताना सत्तावीस. त्याने स्वतःच ठरवलं. त्याला ठरवू दिलं हे बरं झालं, कारण पुढे वर्षभर तो ते टिकवून होता.

रायटर दहावीच्या खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे नववीचा. ऐकायला सोपं आहे पण मिळायला अवघड. नववीच्या मुलांच्या स्वतःच्या परीक्षा जवळ असतात, पालक नाही म्हणतात, आणि त्यांचं चुकतही नाही. शेवटी त्यांच्याच शाळेतली एक मुलगी तयार झाली, अक्षर स्वच्छ, स्वभाव शांत. तिचं बोनाफाईड, फोटो, पालकांचं संमतीपत्र हे सगळं प्रस्तावाला जोडलं. एक पर्यायी रायटरही ठरवून ठेवा, ताप येतो, कांजिण्या येतात, आणि ऐनवेळी बदल करायचा तर कोणाला भेटायचं हे शाळेला आधीच विचारून ठेवा. तिच्या येण्याजाण्याचा खर्च दादूच्या घरच्यांनी केला आणि परीक्षा झाल्यावर तिला कंपासपेटी आणि ड्रेस दिला.

सगळ्यात कमी बोललं जातं ते रायटरसोबतच्या सरावाबद्दल. लोकांना वाटतं रायटर मिळाला की झालं. सांगून लिहिणं हे वेगळंच कौशल्य आहे. सुरुवातीला दादू भराभर बोलायचा, समोरच्याचा हात मागे राहायचा, मग दोघंही गोंधळायचे. किंवा मधेच थांबून "नाही नाही, ते खोड" म्हणायचा. आम्ही रोज अर्धा तास फक्त सांगायचा सराव केला. आधी मनात पूर्ण वाक्य बांध, मग चार-पाच शब्दांचे तुकडे सांग, पूर्णविराम सांग, नवीन परिच्छेद सांग, शेवटी वाचून घे. गणितात तर आणखी. "एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य" हे ठीक, पण अपूर्णांक आला की "कंसात घे, रेघ मार, खाली दोन ए" असं सगळं तोंडाने सांगायचं. भूमितीत "सात सेंटिमीटरचा रेख एबी काढ, ए वर कंपास ठेव". समरूपतेच्या सिद्धतेत कारणं कंसात लिहायची हेही सांगावं लागतं. पायथागोरसचं प्रमेय त्याने इतक्या वेळा तोंडाने सांगितलं की माझ्या बॅचमधल्या बाकीच्यांनाही पाठ झालं.

सरावाला रायटर म्हणून रोज बसायचा माझा मुलगा, तेव्हा तो आठवीत होता. डिसेंबरपर्यंत त्याने छान केलं आणि मग एके दिवशी पेन ठेवून म्हणाला, "आई, माझा अभ्यास कोण घेणार?" ट्यूशन घेणाऱ्या बाईच्या घरात हा प्रश्न असतोच. हॉलमध्ये क्लास, म्हणून सासूबाईंची सात वाजताची मालिका आतल्या खोलीत मोबाईलवर, हे सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला येतात तेव्हा मी पेपर तपासत असते, आणि मुलगा आईच्या जवळच असूनही आई त्याच्या वाट्याला नसते. त्यानंतर आम्ही बदल केला. सरावाला बॅचमधल्या नववीच्या मुली आळीपाळीने बसायला लागल्या, आणि रविवार पूर्ण बंद, अगदी फेब्रुवारीतही बंद. काही पालकांना ते आवडलं नाही. रविवारी आम्ही घरातले सगळे दुपारी एकत्र जेवायचो आणि त्या दिवशी मी कुणाचाही फोन घेतला नाही.

त्याच बॅचमध्ये एक मुलगी होती, कायम नव्वदच्या पुढे. जानेवारीत सराव परीक्षेच्या आधी तिला उलट्या व्हायला लागल्या. घरच्यांनी आधी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. ताण फक्त कमी मार्कांच्या मुलांना येतो हा समज सोडला पाहिजे. दादूला भीती होती की जमणार नाही, हिला भीती होती की ९५ चे ९३ होतील, आणि दोघांचंही पोट दुखत होतं. तिच्या आईला मी सांगितलं की परीक्षा संपेपर्यंत घरात मार्कांचा आकडा कोणी उच्चारायचा नाही, फक्त आज काय वाचलं ते विचारायचं, आणि रात्री दहाला पुस्तक बंद. एकदा रात्री तिला श्वास लागल्यासारखं झालं तेव्हा त्यांनी १४४१६ ला फोन केला, तो टेलिमानसचा सरकारी फ्री नंबर आहे, मराठीत बोलतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडेही गेले. हा नंबर मी आता दहावीच्या प्रत्येक पालकाच्या फोनमध्ये सेव्ह करून देते.

बोर्डाची मंजुरी परीक्षेच्या थोडी आधी शाळेत आली. तोपर्यंत घरात कुणालाच नीट झोप नव्हती, मी शाळेत इतक्यांदा विचारलं असेल की शिपाईमामा मला बघून लांबूनच मान हलवायचे. मंजुरीचं पत्र, प्रमाणपत्र, हॉल तिकीट, रायटरचं ओळखपत्र, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स एका पारदर्शक फोल्डरमध्ये घातल्या आणि ओरिजिनल वेगळं. शक्य असेल तर आदल्या दिवशी सेंटरवर जाऊन केंद्रसंचालकांना भेटून या, बसायची वेगळी व्यवस्था कुठे आहे ते कळतं.

२१ फेब्रुवारी २०२५, पहिला पेपर मराठी. त्या वर्षी कॉपीमुक्त अभियान जोरात होतं, टीव्हीवर रोज तेच, आणि दादूच्या डोक्यात बसलं होतं की मी रायटरशी बोलताना कोणी आलं तर कॉपी समजून उठवतील. म्हणून आधीच्या आठवड्यात मी त्याला एक वाक्य पाठ करून दिलं होतं, "सर, मला बोर्डाची परवानगी आहे, पत्र इथे आहे." आणि ते खरंच बोलायला लागलं. पर्यवेक्षक नवीन होते, त्यांनी विचारलं, दादूने फोल्डर पुढे केलं, त्यांनी वाचलं आणि पेपर सुरू झाला. त्या वाक्याचा सराव केलेला असल्यामुळे तो घाबरला नाही.

वेळेचं म्हणाल तर मराठीचा पेपर ११ ते २ वाजून १० मिनिटांपर्यंत, आणि त्यापुढे त्याला एक तास. म्हणजे मूल साडेदहाला आत गेलेलं सव्वातीनला बाहेर येतं. पोटभर पण हलकं खायला घाला, आमच्याकडे मऊ खिचडी आणि दही ठरलेलं होतं. आत जायच्या आधी बाथरूमला जाऊन यायला सांगा, रायटरलाही. गणित आणि विज्ञानाचे पेपर दोन तासांचे असल्यामुळे तिथे ४० मिनिटं जादा मिळतात. बाकीची मुलं बाहेर पडून पेपरवर चर्चा करत असतात तेव्हा आपलं मूल आत लिहीत असतं, त्याचा आवाज आत येतो, त्याचीही सवय हवी. आम्ही घरी शेवटच्या चाळीस मिनिटांत मुद्दाम बाकीच्या मुलांना हॉलमध्ये गप्पा मारायला सोडायचो.

भूमितीच्या पेपरला रायटरला सर्दी होती, हात दुखत होता, तिने मधे दोनदा थांबायला मागितलं आणि दादूने थांबू दिलं. बाहेर आल्यावर म्हणाला एक प्रश्न राहिला. घरी त्यावर कोणी काही बोललं नाही, दादांनी दोघांना उसाचा रस पाजला. १७ मार्चला भूगोल झाला आणि संपलं.

निकाल १३ मे ला दुपारी एक वाजता. साईट जड झाली होती, थोड्या वेळाने उघडली. ६१ टक्के. विज्ञानात सगळ्यात चांगले, आणि इंग्रजीत काठावर. वहिनी केंद्रावरून तशाच पिठाच्या हातांनी आल्या. दादू स्वतः मोबाईलवर प्रत्येक विषयाचा आकडा बोट ठेवून ठेवून वाचत होता, मधे कोणी सांगायला गेलं तर थांबवत होता. दादांनी माझ्या मुलाला शंभर रुपये दिले, "तू पण लिहिलंस की रे." त्या मुलीला, म्हणजे नव्वदवालीला, अपेक्षेपेक्षा दोन टक्के कमी आले आणि तिच्या आईने पेढे वाटले. मला या दोन्ही घरांचा तेवढाच आनंद आहे.

दादूला इलेक्ट्रिशियन व्हायचंय, त्यामुळे आयटीआयचा ऑनलाईन फॉर्म भरला. तिथे परत सगळं नव्याने सांगावं लागतं. शाळेतली सवलत आपोआप पुढे जात नाही, ॲडमिशन झाल्या झाल्या पहिल्या आठवड्यातच प्राचार्यांना अर्ज आणि प्रमाणपत्राची प्रत द्यायची आणि पोहोच घ्यायची. सोबत सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठीही, अर्ज केलाय, ते आलं की प्रत्येक ठिकाणी फाईल उघडायला नको. प्रमाणपत्राचं ओरिजिनल लॅमिनेट करू नका, पुढे शिक्का किंवा पडताळणी लागली तर अडचण होते. स्कॅन करून आईच्या आणि वडिलांच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

या जूनला माझ्याकडे सातवीत एक मुलगी आलीय, तिच्या वाचनाची वही सुरू केली आहे. तिच्या आईला दादूच्या आईचा नंबर दिला, कारण रुग्णालयात कोणत्या वारी कोणती ओपीडी असते ते वहिनींना माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे आणि त्या कामावरून सुटल्यावर, दुपारी तीननंतर, फोन घेतात.